दोन अ‍ॅमीटर आणि मागचा बाक

कृतिसंशोधनाच्या, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गावर केलेल्या संशोधनाच्या, अहवालात शेवटच्या पानावर एक वाक्य हमखास सापडतं : 'तंत्रज्ञानाच्या वापरामुळे विद्यार्थ्यांचा सहभाग वाढला.' बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलाही तालुका घ्या आणि विज्ञानाच्या शिक्षकानं मन लावून केलेलं काम उघडा, हे वाक्य तिथे असतं. त्यामागची मेहनत खरी असते. अडचण 'सहभाग' या शब्दाची आहे. तो मोजला कसा? बहुतेक वेळा उत्तर एवढंच निघतं, की मुलं शांत बसली होती आणि पडद्याकडे बघत होती.

जुलैत खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना समोर रंगीत हलतं चित्र लागलं तर कुणाचेही डोळे तिकडे जाणारच. डोळे लागले म्हणजे डोकंही लागलं, असं मात्र नसतं. फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस या तीन संशोधकांनी २००४ मध्ये या विषयावरच्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा सहभागाचे तीन पदर वेगळे केले : वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. मूल वहीत लिहितंय, हा पहिला. त्याला तास आवडतोय, हा दुसरा. 'असं का झालं?' म्हणून ते स्वतःशी झगडतंय, हा तिसरा. पडदा पहिले दोन पटकन मिळवून देतो. तिसऱ्यासाठी शिक्षकालाच काहीतरी करावं लागतं, आणि संशोधन करायचंच असेल तर ते या तिसऱ्या पदराचं करावं, असं मला मनापासून वाटतं.

२०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः गटात बसून प्रश्न सोडवले त्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ज्यांनी छान, सुबक व्याख्यान ऐकलं त्यांना खूप शिकल्यासारखं वाटलं आणि गुण कमी पडले. तेव्हा 'तास आवडला का?' या प्रश्नावलीतल्या ९० टक्के 'हो'वरून मूल शिकलं की नाही, हे कळत नाही.

पण त्याही आधीची एक साधी गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे मागच्या बाकावरून पडदा वाचता येतो का. देणगीतून किंवा अनुदानातून शाळेत बहुतेक ४३ इंची टीव्ही येतो. त्याच्या पडद्याची उंची साधारण ५४ सेंटिमीटर. वीस फूट लांबीच्या खोलीत शेवटचा बाक जवळपास सहा मीटरवर असतो. दूरवरून आरामात वाचायचं तर अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी तरी हवी, म्हणजे सहा मीटरला तीन सेंटिमीटर. ओळींमधली जागा धरली तर त्या पडद्यावर नऊच ओळी बसतात. आपल्या लिपीत तर आधी मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार दिसेनासे होतात. 'रोध' आणि 'रोधी' यांतला फरक मागून कळत नाही. तयार व्हिडिओतली अक्षरं याच्या निम्मीही नसतात. मागच्या दोन बाकांवरची मुलं चुळबुळ करतात, निरीक्षणाच्या तक्त्यावर त्यांच्यापुढे 'लक्ष नाही' अशी खूण होते, आणि निष्कर्ष मुलांच्या स्वभावावर काढला जातो. म्हणून कुठलंही मोजमाप सुरू करण्याआधी शेवटच्या बाकावर स्वतः बसून पडद्यावरची एक ओळ मोठ्यानं वाचून पाहावी. खिडकीची तिरीप दुपारी कुठे पडते तेही तेव्हाच कळतं. बसण्याची जागा दर आठवड्याला फिरवली आणि तक्त्यात बाकाचा क्रमांक लिहिला, तर मुलाचा दोष आणि जागेचा दोष वेगळे करता येतात.

विजेचंही तसंच. ऐन तासाला वीज गेली की तास मोडतो आणि त्या दिवसाची नोंद फुकट जाते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरावेत, आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा केली की हातात साडेसातशेच्या आसपास उरतात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून ३०० वॉट घेत असतील तर ते अडीच तास चालतील. टीव्ही आणि लॅपटॉप मिळून १३५ वॉट असतील तर साडेपाच तासांहून थोडं जास्त. आमच्याकडच्या दमट हवेत प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते ते वेगळंच. माझं मत टीव्हीच्या बाजूचं आहे.

आता मूळ विषयाकडे. दहावीच्या विद्युतधारेच्या धड्यात मुलांच्या मनात एक पक्की समजूत असते : धारा बल्बमध्ये खर्च होते, पुढे कमी उरते. मुलं ते आपल्या बोलीत नेमकं सांगतात, 'अर्धा करंट हित्तंच संपायलाय सर.' पाठ्यपुस्तक वाचून ही समजूत जात नाही. ती परीक्षेपुरती बाजूला बसते.

ती हलवायला साहित्य असं लागतं : दीड व्होल्टचे दोन सेल, होल्डर, अडीच व्होल्टचा तंतूचा टॉर्च-बल्ब, कळ, क्रोकोडाइल क्लिपच्या पाच वायरी आणि धारा मोजणारे दोन अ‍ॅमीटर. एक अ‍ॅमीटर बल्बच्या आधी, एक नंतर. हे तंतूचे बल्ब आता सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. एलईडी घेऊन चालत नाही, कारण तो एकाच दिशेनं धारा जाऊ देतो आणि त्याला सोबत रोधक लागतो. त्यातून नवेच प्रश्न उभे राहतात. मोटरसायकलच्या मीटरमधला १२ व्होल्टचा छोटा बल्ब चार सेलांवर मंद पिवळा पेटतो, तो चालतो.

कळ दाबण्याआधी प्रत्येक मुलानं वहीत लिहायचं : दुसऱ्या मीटरवर आकडा जास्त, कमी की तेवढाच? आणि का? लिहिल्यावर पेन खाली ठेवायचं, खोडायचं नाही. अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण, अशा या तीन पायऱ्या. पहिली पायरी वगळली तर पुढच्या दोन्हींना अर्थ राहत नाही, कारण उत्तर दिसल्यावर प्रत्येकाला वाटतं, की मला हे आधीच माहीत होतं.

मग कळ दाबायची. पहिला मीटर ०.३० दाखवतो, दुसरा ०.२७.

वर्ग खूश होतो. 'बघा सर, संपायलाय!' याच क्षणी बरेच शिक्षक घाईनं म्हणतात, 'मीटर जुनं आहे, दोन्ही सारखेच समजा.' समजा म्हटलं की विज्ञान तिथेच संपतं. खरं तर एवढा चांगला क्षण तासाला पुन्हा मिळत नाही. शाळेतल्या अशा मीटरला पूर्ण पट्टीच्या सुमारे अडीच टक्क्यांपर्यंत चूक माफ असते. ० ते ३ अँपिअरच्या मीटरला ती ०.०७५ अँपिअर होते, म्हणजे ०.३० च्या जागी ०.२३ दिसलं तरी मीटर नापास नाही. ० ते ५०० मिलिअँपिअरच्या मीटरला तीच चूक १२.५ मिलिअँपिअर एवढी राहते. म्हणून या प्रयोगाला दुसऱ्या प्रकारचा मीटर घ्यावा. पण शाळेत तीन अँपिअरचेच असतील तर त्यांनाच साक्षीला बोलवावं : दोघांच्या जागा बदला. ०.२७ जर त्या मीटरबरोबर बल्बच्या अलीकडे गेला, तर खोट मीटरची. आकडा जागेवरच राहिला, तर धारा खरंच कमी होतेय. हे मुलांनीच सुचवावं म्हणून वाट बघावी लागते. मेरी बड रोव यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ते अंतर तीन सेकंदांच्या पुढे नेलं तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. इथे तीनही पुरत नाहीत. दहा थांबा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, 'मीटर अदलाबदल करूया काय?'

दोन खबरदाऱ्या. मीटर जोडण्याआधी दोन्हींच्या सुया शून्यावर आहेत का ते पाहावं आणि समोरचा स्क्रू हलक्या हातानं फिरवून आणाव्यात. आणि दोन वाचनांच्या मध्ये कळ उघडी ठेवावी. साधे जस्त-कार्बनचे सेल ०.३ अँपिअरला पटकन दमतात, त्यामुळे कळ चालू ठेवून गप्पा मारल्या तर अदलाबदलीनंतर दोन्ही आकडे खाली आलेले असतात आणि सगळा पुरावा गढूळ होतो.

पडद्याची जागा यानंतरची. कोलोरॅडो विद्यापीठातला फेट हा प्रकल्प नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातलं विद्युत परिपथ जोडण्याचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा प्रयोग, मोफत आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतं, आणि फेटची बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत. सगळी नाहीत, म्हणून तास ठरवण्याआधी यादी तपासावी आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. पडद्यावर दोन्ही अ‍ॅमीटर अगदी सारखा आकडा दाखवतात. प्रत्यक्ष मीटरची खोट शोधून आलेल्या मुलाला तो आकडा पटतो. थेट पडद्यापासून सुरू केलं तर हुशार मूल विचारतं, 'ते कॉम्प्युटरमधलं हो, खऱ्यात काय?' त्याची शंका रास्त आहे.

सिम्युलेशनही स्वतःच्या काही समजुती पेरून जातं. तारेतून निळे ठिपके भराभर सरकतात. मुलांना वाटतं, इलेक्ट्रॉन असेच पळत सेलपासून बल्बपर्यंत जातात, म्हणूनच बल्ब लगेच पेटतो. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ०.३ अँपिअर धारा वाहत असताना इलेक्ट्रॉन तासाभरात जेमतेम आठ सेंटिमीटर पुढे सरकतात. बल्ब लगेच पेटतो तो तारेतले सगळे इलेक्ट्रॉन जवळपास एकाच वेळी सरकू लागतात म्हणून. हे फळ्यावर गणित करून दाखवायला पाच मिनिटं लागतात. ती द्यावीत.

याच सिम्युलेशनवर कोलोरॅडोच्या गटाचा २००५ चा एक अभ्यास आहे. खऱ्या साहित्याऐवजी सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांना संकल्पना जास्त कळल्या आणि खरे परिपथही चांगले जोडता आले. पण ते कॉलेजचे विद्यार्थी होते आणि पडद्यावरची भाषा त्यांच्या ओळखीची होती. आपल्या वर्गात तेच होईल असं गृहीत धरता येत नाही. म्हणूनच इथल्या शिक्षकानं संशोधन करायचं. 'तंत्रज्ञान चांगलं की वाईट' असला मोठा प्रश्न घेऊ नये. 'आधी मीटर मग पडदा, की आधी पडदा मग मीटर?' एवढा प्रश्न पुष्कळ झाला. त्याचं उत्तर एका सत्रात मिळू शकतं.

त्याची आखणी अशी. दहावीच्या दोन तुकड्या असतील तर विद्युतधारेला 'अ' तुकडीत आधी मीटर, 'ब' तुकडीत आधी पडदा. प्रकाशाच्या धड्याला उलट. त्यामुळे कुठल्याही तुकडीवर अन्याय होत नाही आणि 'अ तुकडी मुळातच हुशार' हा आक्षेपही बराचसा निकालात निघतो. नवेपणाचा परिणाम मात्र राहतो. पडदा पहिल्यांदा लागला की दोन-तीन तास सगळंच चांगलं वाटतं, म्हणून पहिल्या आठवड्याची नोंद निष्कर्षात धरू नये. एकच तुकडी असेल, आणि खेडेगावात ती एकच असते, तर एका धड्यातल्या दोन संकल्पनांना दोन क्रम द्यावेत.

चाचणी दहा प्रश्नांची, पण प्रत्येक प्रश्न दोन मजली : वर उत्तर, खाली कारण. दोन्ही बरोबर असतील तरच गुण. हे गुण अंतर्गत मूल्यमापनाच्या वीसमध्ये धरायचे नाहीत, आणि तसं मुलांना आधीच स्पष्ट सांगायचं. नाहीतर मुलं स्वतःचं मत लिहिण्याऐवजी सरांना हवं असलेलं उत्तर लिहितात. वाढ मोजायला रिचर्ड हेक यांचं सूत्र सोपं आहे : नंतरच्या टक्क्यांतून आधीचे टक्के वजा करा आणि त्याला शंभरातून आधीचे टक्के वजा करून येणाऱ्या संख्येनं भागा. वर्ग ३० टक्क्यांवरून ५८ वर गेला तर २८ भागिले ७०, म्हणजे ०.४०. हेक यांनी १९९८ मध्ये ६२ वर्गांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे मांडले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी वाढ ०.२३ होती, विद्यार्थ्यांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांची ०.४८. आपला ०.४० त्यांच्या शेजारी सरळ मांडू नये, कारण चाचणी वेगळी, वय वेगळं. तो आपल्याच दुसऱ्या तुकडीशी ताडून पाहावा.

इथे सीमाभागातली एक खास अडचण येते ती हजेरीची. ऊसतोडीचा हंगाम लागला, तंबाखूची कामं आली, की काही मुलांची पटावर हजेरी तुटक होते. पहिल्या चाचणीला ३८ आणि दुसऱ्याला ३१ असतील, तर दोन्ही दिलेल्यांचीच सरासरी काढावी. नाहीतर गैरहजर राहिलेली कच्ची मुलं आपोआप गळतात आणि वाढ फुगते. पण त्या सात मुलांचा उल्लेख अहवालात झालाच पाहिजे. पडदा कितीही चांगला असला तरी तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही, हीही नोंदच आहे.

वर्गातलं निरीक्षण हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग. गणिताच्या किंवा कन्नडच्या शिक्षकांना एक मोकळा तास मागून मागे बसवायचं. आठ मुलं आधी निवडायची, त्यांतली दोन तरी कधीच हात वर न करणारी. दर पंधरा सेकंदांनी एका मुलाकडे बघून एक खूण : स्वतः काही करतंय, नुसतं बघतंय-ऐकतंय, की लक्ष दुसरीकडे. आठ मुलांची फेरी दोन मिनिटांत होते, बारा मिनिटांत ४८ खुणा. दोन निरीक्षक असतील तर त्यांच्या खुणा जुळतात का ते पाहायचं. ४८ पैकी ४० जुळल्या म्हणजे ८३ टक्के, ऐकायला छान. पण दोघंही दहातल्या आठ वेळा 'लक्ष आहे' (पहिल्या दोन खुणा मिळून) आणि दोन वेळा 'लक्ष नाही' अशीच खूण करत असतील, तर डोळे मिटून खुणा केल्या तरी ६८ टक्के जुळतात. जेकब कोहेन यांचा १९६० चा कॅपा हा आकडा हा योगायोग वजा करतो : ०.८३ वजा ०.६८, भागिले ०.३२, म्हणजे सुमारे ०.४७. मध्यमच. अशा वेळी 'नुसतं बघतंय' म्हणजे काय, हे दोघांनी पुन्हा बसून ठरवायचं. हा अर्धा तास चर्चेत गेला तरी तो वाया जात नाही. सहभागाची खरी व्याख्या तिथेच तयार होते.

दुसरा निरीक्षक मिळतच नसेल तर मोबाइलवर आपल्याच तासाचं ध्वनिमुद्रण करावं. घरी ऐकताना तीन गोष्टी मोजायच्या : प्रश्नानंतर आपण किती सेकंद थांबलो, किती वेगवेगळी मुलं बोलली, आणि 'का' हा शब्द किती वेळा आला.

मोबाइलचा आणखी एक उपयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आखेनच्या विद्यापीठानं तयार केलेल्या फायफॉक्स या मोफत अ‍ॅपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. दोन मोबाइल पाच मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्याजवळ एक टाळी, मग दुसऱ्याजवळ एक टाळी. दोन्ही घड्याळांतला फरक साधारण २९ मिलिसेकंद येतो. दोन्ही टाळ्यांचे पाच-पाच मिळून दहा मीटर, त्यांना या फरकानं भागलं की ध्वनीचा वेग हातात. अ‍ॅप कुठल्या आवाजापासून जागं व्हावं, ती पातळी नीट लावावी लागते, आणि पंखा बंद करावा लागतो. पत्र्यावर पाऊस असेल तर हा प्रयोग होतच नाही, तो दिवाळीनंतरच्या कोरड्या सकाळी घ्यावा.

भाषेचं शेवटी सांगतोय, पण ते सगळ्यांत आतलं आहे. आपल्याकडे शिक्षकाचं प्रशिक्षण बहुधा कन्नडमध्ये, अ‍ॅपचा पडदा इंग्रजीत, पाठ्यपुस्तक कर्नाटकाचं मराठीतलं, आणि यूट्यूबवरचा मराठी व्हिडिओ महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचा. एकाच गोष्टीला दोन पुस्तकांत दोन शब्द असू शकतात, आणि मूल घरात तिसराच वापरतं. 'अ' तुकडीला इंग्रजी पडदा आणि 'ब' तुकडीला मराठी फळा दिला, तर शेवटी आपण तंत्रज्ञान मोजत नसून मुलांचं इंग्रजी मोजत असतो. म्हणून धडा सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात पाच-सहा शब्दांची जोडयादी लिहावी : पुस्तकातला शब्द, पडद्यावरचा शब्द, आपला शब्द. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेल्यावर हीच मुलं सगळं इंग्रजीत शिकणार आहेत, तेव्हाही ही यादी उपयोगी पडते.

मुलांचे फोटो, आवाज किंवा वह्यांची पानं वापरायची तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी मराठी पत्रानं घ्यावी. नोंदीत नावं नकोत, क्रमांक पुरे.

धडा संपल्यावर तीन आठवड्यांनी, न सांगता, एकच प्रश्न द्यावा. मीटर नाही, पडदा नाही. कागदावर एका सेलला एकामागे एक जोडलेले दोन सारखे बल्ब, आणि विचारायचं : कोणता जास्त उजळ, की दोन्ही सारखे? का? दहा मिनिटं. मग मुलांची वाक्यं आहेत तशी वहीत उतरवून घ्यावीत. बेळगावच्या शिक्षण जिल्ह्यातला शिक्षक अहवाल बेळगावच्या डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, देईल, चिकोडीचा चिकोडीच्या. तो कन्नडमध्ये लिहायचा असो की इंग्रजीत, ही वाक्यं मात्र देवनागरीतच ठेवावीत, 'संपायलाय'चं 'संपत आहे' न करता. पुढच्या वर्षी हाच धडा घेणाऱ्या शिक्षकाला वर्गात काय ऐकू येणार आहे, ते त्यांतूनच कळेल.